"बँकेची रिकामी घरं गरिबांना द्या म्हणणारे सगळे फुकटे" या फॉरवर्डला उत्तर

गेले आठ-दहा दिवस एक मेसेज फिरतोय. आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला, मावसभावाच्या यंत्रमागवाल्यांच्या ग्रुपवर पण आला, आणि गंमत म्हणजे ज्यांची स्वतःची घरं बँकेकडं गहाण आहेत तेच लोक त्याला टाळ्या देऊन पुढं ढकलतायत. मेसेज थोडक्यात असा: हप्ता थकला की घर बँकेचं, मग बाहेर काढलं तर रडायचं कशाला, स्पेन-अमेरिकेत लोक बँकेच्या रिकाम्या घरांत घुसतात, ते फॅड आता लाल बावटेवाले सोलापुरात आणणार, गरिबांना सगळं फुकट पाहिजे, आणि असंच चाललं तर बँका बुडून तुमच्या-आमच्या ठेवी जाणार. खाली "जागे व्हा" आणि हात जोडलेले तीन.

आमच्या ग्रुपवर टाकणारे काका माणूस चांगले आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. पण मेसेज चुकीचाय.

तर पहिलं, हप्ता थकला की घर बँकेचं. नाही हो. सरफेसी कायदा 2002 चा आहे आणि कडकच आहे, कोर्टात न जाता बँक ताबा घेऊ शकते, हे खरं. पण त्यालाही पायऱ्या आहेत. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं, मग कलम 13(2) ची थकबाकी भरा म्हणणारी नोटीस, त्यात 60 दिवस. त्या 60 दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली तर बँकेनं 15 दिवसांत कारणं देऊन उत्तर द्यायचं. मग ताबा नोटीस, त्यानंतर 45 दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात, जाता येतं. आतल्या माणसांना प्रत्यक्ष बाहेर काढायला बँक जिल्हाधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटकडून ऑर्डर आणते, वसुलीवाल्या पोरांनी येऊन सामान रस्त्यावर फेकायचं हे कायद्यात कुठंच नाही. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत सगळी थकबाकी आणि खर्च भरला तर बँकेला घर विकता येत नाही. देणं मुद्दल-व्याजाच्या 20 टक्क्यांपेक्षा कमी उरलं असेल तर हा कायदाच लागू होत नाही, हे तर कित्येकांना माहीतच नसतं. आणि भाडेकरू? त्यानं तर एक रुपयाचं कर्ज घेतलेलं नसतं. 2016 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की रेंट कंट्रोल कायद्याचं संरक्षण असलेला खरा भाडेकरू सरफेसी दाखवून असाच उचलून बाहेर काढता येत नाही.

आता हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात काय होतं ते मी सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या मावशीच्या शेजारच्या काकांकडं पाहिलंय. चार माग, टॉवेलचं काम, घरावर सीसी, म्हणजे धंद्याचं कॅश क्रेडिट कर्ज, काढलेली. (हे पण लक्षात घ्या, आपल्याकडं जाणारी घरं सगळी होम लोनची नसतात, धंद्याच्या कर्जाला घर लावलेलं असतं, कधी कधी तर दुसऱ्याला जामीन राहिलेला माणूस घर घालवून बसतो.) सुताचा भाव वर, मालाला उठाव नाही, वरून वीजबिल, खातं थकलं. नोटीस आली ती इंग्रजीत. घरात बोलणं तेलुगूत, बाहेर मराठी, आणि ही चार पानं इंग्रजी. त्या काकांनी ती व्यवस्थित घडी घालून देव्हाऱ्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, रेशनकार्ड आणि लाइटबिलांच्या पिशवीत ठेवली, म्हणाले पोरगा दिवाळीला आला की वाचील. पोरगा पुण्यात. 60 दिवस ड्रॉवरमध्येच गेले. याला तुम्ही बुडवेगिरी म्हणणार का? बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मुद्दा एका बँकेचा नाही.

आणि डीआरटी कुठं, तर पुण्यात. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जायचं, वकील शोधायचा, तारीख पडली की परत यायचं, मागावरचा एक दिवस गेला. हक्क आहे पण तिकीट काढून.

दुसरं, विरोध म्हणजे गुंडगिरी. इथं मेसेजवाल्यानं स्पेनचं नाव घेतलंय तर स्पेनचंच बघू. 2008 नंतर तिकडं घरांचे भाव कोसळले, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि तिथल्या कायद्यात घर बँकेला देऊन टाकलं तरी उरलेलं कर्ज डोक्यावर राहायचं. 2009 ला बार्सिलोनात गहाणखतानं गांजलेल्या लोकांची एक संघटना उभी राहिली, पाह म्हणतात तिला. त्यांची पहिली मागणी घर फुकट द्या ही नव्हतीच, मागणी होती की घर घेतलं ना, मग कर्ज पण मिटवा. जप्तीच्या दिवशी शेजारीपाजारी दारात बसायचे आणि आधी बँकेला बोलणी करा म्हणायचे. 14 लाखांवर सह्या गोळा करून संसदेत दिल्या. बँकांच्या रिकाम्या पडलेल्या इमारतींत बेघर कुटुंबं नेऊन बसवली हे पण खरं, ते मी लपवत नाही, पण तिथंही परवडेल असं भाडं ठरवून द्या आम्ही भरतो, असंच मागणं होतं. 2015 ला कॅटलोनियाच्या, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्याच्या, विधानसभेनं कायदा केला की बड्या घरमालकानं, बँक असली तरी, गरजू कुटुंबाला काढायच्या आधी परवडणाऱ्या भाड्याचा प्रस्ताव दिलाच पाहिजे. सगळ्या पक्षांनी मिळून. आणि त्या संघटनेची बाई, आदा कोलाऊ, त्याच वर्षी बार्सिलोनाची महापौर झाली. गुंड म्हणायचं असेल तर मतदारांना पण म्हणा मग.

मेसेजसोबत फिरणारा अमेरिकेतला व्हिडिओ ऑकलंडचा. 2019 च्या नोव्हेंबरात काही बेघर आया लेकरांसकट एका रिकाम्या घरात राहायला गेल्या, घर एका रिअल इस्टेट कंपनीनं लिलावात घेतलेलं. जानेवारीत पोलिसांनी चिलखती गाड्या आणून काढलं. व्हिडिओ तिथंच संपतो. पुढं काय झालं ते कुणी फॉरवर्ड करत नाही: कंपनी घर विकायला तयार झाली, घेणार कोण, तर जमीन लोकांच्या नावावर धरून घरं कायम परवडणारी ठेवणारा तिथला ट्रस्ट.

इथं सोलापुरात सील तोडा असं मी कुणालाच सांगणार नाही, सरळ गुन्हा दाखल होईल आणि माणूस दुप्पट अडकेल. तिकडचं आंधळेपणानं इकडं आणायचं नाही. पण प्रश्न तोच आहे की कुलूप लागल्यावर त्या घराचं होतं काय.

मावशीच्या शेजारचं सांगतो. ताबा घेतला, लाखेचं सील, दारावर कागद. पहिला लिलाव, कुणी आलं नाही. राखीव किंमत कमी केली, दुसरा लिलाव, तरी नाही, कारण गल्लीतला माणूस गल्लीतल्याचं घर असं घेत नाही आणि बाहेरच्याला त्या बोळात घर नको. दोन पावसाळे झाले. दारातली तुळस वाळून काडी झाली, मीटर काढून नेला, मागच्या खिडकीची चौकट कुणीतरी रातोरात नेली. मावशी म्हणती, "घर हाय का भूत हाय बे ते?" घराचा भाव दरवर्षी खाली, व्याज वर चढतंय, आणि घर विकून भागलं नाही तर उरलेलं देणं त्या काकांच्याच नावावर, इथल्या कायद्यात पण तसंच आहे. म्हणजे बँकेला पैसे नाहीत, काकांना घर नाही, आणि त्याच गल्लीत पाच जणांचं कुटुंब एका खोलीत भाड्यानं.

आता जागे व्हा म्हणताय तर हे वाचा. बोलीच आली नाही तर बँक स्वतः बोली लावून घर आपल्या नावावर घेऊ शकते, 2013 पासून तशी सोय आहे. पण असं घर बँकेनं कायम धरून बसायचं नाही, बँकिंग रेग्युलेशन ॲक्टनं सात वर्षांची मर्यादा घातलीय, फार तर रिझर्व्ह बँक वाढवून देते. आणि सरफेसीच्या नियमांत लिलावाशिवाय आपसात ठरवून विकायची वाट पण आहे. मग महापालिका किंवा कामगारांची गृहनिर्माण सोसायटी, बँक आणि कर्जदार एका टेबलावर बसून योग्य भावात सौदा का नाही करू शकत? बँकेचा पैसा मोकळा होतो, काकांचं देणं मिटतं, घरात दिवा लागतो. यात चोरी कुठंय?

फुकट म्हणायचं तर सोलापूरनं तरी ते तोंडातून काढू नये. सोलापूरजवळ कुंभारीला 2006 ला विडी कामगार बायकांची 10,000 घरं झाली, नंतर रे नगर, 30,000 घरांची योजना, त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हातून दिल्या. या योजनांमागं असलेल्या माकपच्या आडम मास्तरांचं राजकारण पटो न पटो, ती घरं फुकट नव्हती. रे नगरला केंद्राचं दीड लाख, राज्याचं एक लाख, आणि वरचे कामगारांनी घातले, कित्येकींनी कर्ज काढून. दिवसाला हजार विड्या वळून हप्ता भरणाऱ्या बाईला फुकटी म्हणायला जीभ कशी वळती कळत नाही.

ठेवी बुडण्याचं एका ओळीत: दहा वर्षांत बँकांनी 16 लाख कोटींवर कर्जं राइट ऑफ केली असं सरकारनंच संसदेत सांगितलंय. राइट ऑफ म्हणजे हिशेबाच्या वहीतून काढणं, माफी नाही, वसुली चालू राहते, ते मला पण माहितीय. पण एवढा आकडा चार मागांच्या घरांनी होत नाही.

बाकी ज्यांना नोटीस आलीय त्यांनी फॉरवर्ड वाचत बसू नका. पाकीट ज्या दिवशी हातात पडलं ती तारीख पाकिटावर पेनानं लिहा, पाकीट टाकून देऊ नका. इंग्रजी येत नसेल तर त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या. हरकत लिहून द्या आणि पोच घ्या, तोंडी साहेबाला भेटून आलो याला काही अर्थ नाही. वसुलीवाल्यानं सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन केला तर नोंद ठेवा, रिझर्व्ह बँकेनं ते बंद केलंय. आणि दारावर ताबा नोटीस चिकटली की आधी फोटो काढा, 45 दिवसांचं घड्याळ तिथून चालू होतं.