मुलींच्या दुहेरीविषयी, मेलबर्नहून

टेनिस खेळणाऱ्या माझ्या भाचीने दुहेरी सोडून केवळ एकेरीकडे लक्ष द्यावे, असा आग्रह सांगलीत आमच्या घरी धरला जात आहे. दुहेरीतले यश अर्धेच, नाव होते ते एकेरी जिंकणाऱ्या मुलीचे, असे त्यामागचे म्हणणे आहे. कुस्तीवर जीव टाकणाऱ्या जिल्ह्याला एकटीने मिळवलेला विजय चटकन भावतो, हे मी समजू शकतो. २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने तो किताब पटकावला, याचा अभिमान मलाही आहे. तरीही टेनिसच्या बाबतीत घरच्यांचे हे मत मला मुळीच पटत नाही.

ऑस्ट्रेलियन ओपन जिथे भरते, त्या मेलबर्न पार्कमधल्या कडेच्या लहान कोर्टांवर महिला दुहेरीचे सामने अगदी जवळून पाहता येतात. सर्व्हिस होण्यापूर्वी जाळीपाशी उभी असलेली खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करते; चेंडू कुठे टाकायचा आणि आपण जागा सोडून मध्ये झेपावणार की नाही, हे त्या खुणेतून ठरते. ती क्षणभर आधी हलली, तर परतीचा फटका तिच्या मोकळ्या बाजूने निघून जातो, आणि उशीर झाला तर चेंडू हाती लागत नाही. जाळीजवळची ही नजर आणि जोडीदारावर विसंबण्याची ही सवय एकेरीच्या सरावातून सहसा येत नाही. सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस यांनी २०१५ मध्ये विम्बल्डन व अमेरिकन ओपन आणि २०१६ मध्ये इथेच ऑस्ट्रेलियन ओपन अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली, ती याच समजुतीच्या बळावर.

पैशांच्या बाबतीत मात्र घरच्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळणारी रक्कम एकेरीच्या विजेतीच्या रकमेच्या पाव हिश्श्याहूनही कमी असते आणि तीही दोघींत वाटली जाते. परंतु इथल्या उपनगरांतील क्लबांमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी मध्यमवयीन बायका आंतरक्लब स्पर्धांत दुहेरी खेळताना दिसतात, तेव्हा हा खेळ किती वर्षे साथ देतो हे लक्षात येते. शिवाय जिथे कोर्ट मोजकीच आहेत, तिथे एका कोर्टावर दोनऐवजी चार मुली खेळतात, हा लाभ सांगलीसारख्या शहराला तर फारच मोठा आहे.

उदाहरण फार लांब शोधायला नको. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे हिने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर दुहेरीचे कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकला खेळली, तेही दुहेरीतच. बार्शीच्या मुलीला जो मार्ग सापडला, तो सांगलीच्या मुलीने आधीच बंद का करावा?

भाचीची जोडीदार मिरजेला राहते. दोन्ही घरांनी बसून सरावाचे दिवस ठरवून द्यावेत, एखाद्या पराभवानंतर जोडी बदलण्याची घाई करू नये आणि निदान दोन हंगाम या मुलींना एकत्र खेळू द्यावे, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.