थोरले ३०६०, धाकटे ४०६०

नव्या वस्तूत जुन्यापेक्षा काहीतरी अधिक असावे, एवढीच माफक अपेक्षा घेऊन मी गेमिंगच्या संगणकासाठी कोल्हापुरात राजारामपुरीतील दुकानांत ग्राफिक्स कार्ड पाहू लागलो आणि तेथेच माझी झोप उडाली. एनव्हिडियाच्या २०२१ सालच्या आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी मेमरी. २०२३ सालच्या ४०६० मध्ये मात्र ८ जीबी. मेमरी बस, म्हणजे या मेमरीकडे जाणारा रस्ता, तोही १९२ बिटांवरून १२८ बिटांवर आलेला. इतकी काटछाट होऊनही धाकटे कार्ड बहुतेक गेममध्ये थोरल्याच्या पुढे धावते, त्याचे एक कारण म्हणजे त्याची एलटू कॅश (चिपमध्येच असलेली छोटी, चपळ मेमरी) ३ एमबीवरून २४ एमबी केली आहे. शिवाय ते १७० वॅटऐवजी ११५ वॅटवर भागवते. (२०२५ सालच्या ५०६० नेही ८ जीबीच ठेवले आहे, बहुधा हे आता घराणेच झाले.)

यावर चार जणांचा सल्ला घ्यावा असे मला वाटले. ‘मला यातले काही कळत नाही’ असे म्हणणारा कोल्हापूरकर मला अद्याप भेटायचा आहे. तालमीत घाम गाळलेल्या मित्राने खासबागेच्या कुस्ती मैदानातला निवाडा दिला : “बारा म्हंजे वजन, भावा! डाव काय, कुणीबी शिकतंय.” त्याचे अगदीच चुकत नव्हते. गेममधील टेक्श्चर, म्हणजे भिंती-रस्त्यांवर चढवलेली चित्रे, कार्डाच्या मेमरीत मावेनासे झाले की कार्डाला संगणकाच्या रॅमपुढे हात पसरावा लागतो आणि भरधाव पळणारा नायक मध्येच अडखळतो. त्यातून माझा मदरबोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणजे कार्ड आणि रॅम यांच्यामधला रस्ता जुन्या पिढीचा, आणि ४०६० त्यातल्या आठच लेन वापरते. म्हणजे पसरलेला हातही आखूड.

भाचा मात्र ४०६० चा कट्टर पक्षधर. त्याने फ्रेम जनरेशनची महती सांगितली : दोन खऱ्या फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांच्या, मध्ये कार्ड आपल्याच अकलेने एक नवी फ्रेम तयार करून घालते, आणि एनव्हिडियाची ही सोय ३०६० ला नाही. चहा घेऊन आलेल्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “म्हणजे निम्मी चित्रं खोटी, आणि पैसे जास्त?” भाच्याने बिस्कीट उचलले.

उरला विजेचा मुद्दा. वडील वीज मंडळातून निवृत्त झालेले असल्याने हा विषय त्यांच्यापुढे काढायला नको होता, पण तो निघाला. त्यांनी कागद मागवला. मी रोज तीन तास खेळेन, हे गृहीतक ऐकून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जे पाहिले, त्याचे वर्णन मी येथे टाळतो. ५५ वॅटची बचत, महिन्याला सुमारे ५ युनिट. तेवढ्या युनिटांच्या बिलाने त्यांनी दोन्ही कार्डांच्या किमतीतील फरकाला भागले आणि पेन्सिल खाली ठेवत म्हणाले, “हे वसूल होईपर्यंत तुझं ८०६० आलेलं असेल.”

माझा निर्णय झाला. माझा मॉनिटर साधा, फुल एचडी आणि ६० हर्ट्झचा. सेकंदाला साठाहून अधिक फ्रेम तो दाखवूच शकत नाही, मग त्या खऱ्या असोत वा खोट्या. दुसऱ्या दिवशी दुकानाची पायरी चढताच, कोणी आणखी सल्ला देण्यापूर्वी, मी ठणकावून सांगितले, “३०६० द्या.”

“देतो की, सर,” काउंटरवरचा पोरगा म्हणाला. “त्यात आठ जीबीवालं पण येतंय. कुठलं दाखवू?”