एसी, मोठी गटारं आणि भिंत: एवढ्याने शहर वाचत नाही

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचा सारांश असा: "हवामान बदलतंय, त्यामुळे शहरं तापणार आणि बुडणार, त्याला इलाज नाही. ज्याला परवडेल त्याने एसी लावावा, पालिकांनी गटारं मोठी करावीत, समुद्राकाठी भिंत बांधावी. झाडं, पांढरी छपरं, पाणी मुरवणारे रस्ते ही नुसती शोभा. ती श्रीमंत देशांची हौस आहे."

मी इमारतींचे आराखडे काढते. असा मजकूर वाचून लोक घर कसं बांधायचं ते ठरवतात, सोसायटीच्या सभेत हात वर करतात. म्हणून प्रत्येक मुद्द्याचं उत्तर द्यायला हवं.

"शहरं तापणारच, इलाज नाही."

पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत १ अंशाहून जास्त वाढलं आहे आणि कुठलंही एक शहर ते एकट्याने खाली आणू शकत नाही. इथवर मजकूर बरोबर आहे. पण शहरातल्या माणसाला जो उकाडा सोसावा लागतो, त्यातला काही वातावरणाचा असतो आणि काही आपणच बांधलेला असतो. डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते सोडत राहतात. दाटीने उभ्या इमारतींमधून आभाळाची जेमतेम एक पट्टी दिसते, त्यामुळे ही उष्णता वर निसटूनही जात नाही. शहर आणि त्याच्या बाहेरचं रान यांच्या रात्रीच्या तापमानात काही अंशांचा फरक पडतो, तो यामुळे.

उन्हाळ्यात रात्री दहा वाजता सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत जा आणि स्टुलावर चढून छताला तळहात लावा. सूर्य मावळून तीन तास झालेले असतात, तरी स्लॅब गरम लागतो. कडक उन्हात गडद रंगाचं छप्पर ६५ अंशांपर्यंत तापतं. ती उष्णता काँक्रीटमधून खाली झिरपायला काही तास लागतात, म्हणजे दुपारचं ऊन नेमकं झोपायच्या वेळी अंथरुणावर उतरतं. त्याच छपरावर ऊन परतवणारा पांढरा लेप दिला तर पृष्ठभाग भर दुपारी २५ अंशांहूनही जास्त थंड राहू शकतो. धूळ बसली की लेपाचा गुण उतरतो, म्हणून तो अधूनमधून धुवावा लागतो. पण ज्याच्याकडे एसी नाही, त्याच्या दृष्टीने या एका लेपाने रात्र बदलते.

"ज्याला परवडेल त्याने एसी लावावा."

एसी उष्णता नष्ट करत नाही. ती खोलीतून उचलून गल्लीत टाकतो, आणि वर स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही त्यात घालतो. खोलीतून ३ किलोवॉट उष्णता काढायला १ किलोवॉट वीज लागली, तर बाहेर ४ किलोवॉट फेकले जातात. अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंना अशी यंत्रं रांगेने चालू असली, की ज्याच्या खिडकीत यंत्र नाही त्याच्या वाट्याला शेजाऱ्यांची उष्णताही येते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार तेव्हा जगात सुमारे १६० कोटी एसी होते आणि २०५० पर्यंत ते ५६० कोटींवर जातील. एवढी वीज एकाच दुपारी मागितली गेली तर ती जाण्याचा धोकाही त्याच दुपारी सगळ्यात मोठा असतो.

शिकागोत जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे ७३९ मृत्यू जास्त झाले. वरच्या मजल्यावर राहणारे, एकटे राहणारे, म्हातारे, ज्यांच्याकडे कुणी डोकावलं नाही असे लोक त्यात मोठ्या संख्येने होते. ते शहर गरीब देशातलं नव्हतं आणि एसी तिथे दुर्मिळही नव्हता. ज्याला परवडेल त्याने, हे वाक्य ज्याला परवडत नाही त्याचं काय करायचं ते सांगतच नाही. माझा या मजकुरावरचा सगळ्यात मोठा राग हाच आहे.

एसीच नको, असं मी म्हणत नाही. रुग्णालयात, आजारी माणसाच्या खोलीत, दमट उकाड्यात घाम वाळेनासा होतो तेव्हा तो जीव वाचवतो. पण तो शेवटचा उपाय असायला हवा. आधी ऊन भिंतीवर आणि खिडकीवर पडूच द्यायचं नाही, मग वारा आरपार जाऊ द्यायचा, मग पंखा, आणि तरीही भागलं नाही तर एसी. आज उलटं चालतं. पश्चिमेला अखंड काच लावायची आणि मग तिच्याशी भांडायला यंत्र बसवायचं. काच ऊन आत घेते आणि आतल्या तापलेल्या वस्तूंची उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. आतून पडदा ओढला तरी ऊन तोवर घरात आलेलं असतं. छज्जा, बाहेरची लाकडी झडप, जाळी यांचं काम काचेपाशी पोचण्याआधीच ऊन अडवण्याचं.

(जुनी जाड भिंतींची घरं जशीच्या तशी बांधा, हा सल्लाही मला सरसकट पटत नाही. जिथे रात्र चांगली गार होते तिथे जाड भिंत उत्तम. दमट किनाऱ्यावर, जिथे रात्रही उबदारच असते, तिथे तीच भिंत पहाटेपर्यंत गरम राहते. तिथे हलकं बांधकाम आणि समोरासमोरच्या खिडक्या जास्त उपयोगी.)

"पाणी तुंबतं ना, मग गटारं मोठी करा."

एक साधा गुणाकार करू. एका हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी होतं. जमीन उघडी असली तर त्यातलं बरंच मुरतं, काही पानांवर आणि खड्ड्यांत थांबतं. तोच हेक्टर फरसबंद केला की जवळपास सगळं पाणी काही मिनिटांत गटाराच्या एकाच जाळीकडे धावतं. म्हणजे पाऊस तेवढाच राहिला तरी पूर वाढतो, कारण पाण्याची थांबायची जागा आपण काढून घेतलेली असते. पाइप मोठा केला तर ते पाणी जास्त वेगाने खालच्या वस्तीत जाऊन पडतं. समुद्राला भरती असेल तर पाइपाचं तोंडच पाण्याखाली असतं आणि मग व्यास कितीही असो, पाणी जाणार कुठे?

कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यानंतर शहराने दोन्ही पर्यायांचा हिशोब मांडला: केवळ भूमिगत वाहिन्या वाढवणं, किंवा वाहिन्यांच्या जोडीला बागा, रस्ते आणि चौक यांनाही पाणी धरायला लावणं. दुसरा पर्याय स्वस्त ठरला. तिथल्या एंगहावे उद्यानात आता २२,६०० घनमीटर पाणी मावू शकतं, एरवी ती बागच असते. रॉटरडॅमचा बेंटेमप्लेन चौक २०१३ मध्ये तयार झाला. कोरड्या दिवशी मुलं त्याच्या खोलगट मैदानात बास्केटबॉल खेळतात, मुसळधार पावसात तिथे सुमारे १७ लाख लिटर पाणी थांबतं आणि नंतर सावकाश निचरतं.

याला मर्यादा आहे, आणि ती लपवून उपयोग नाही. चीनमधल्या झेंगझोऊ शहरात पाणी मुरवण्याच्या योजना झाल्या होत्या. तरी २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला आणि मेट्रोच्या बोगद्यात पाणी शिरून १४ प्रवासी गेले. एवढा पाऊस कुठलीच माती तासाभरात पिऊ शकत नाही. तिथे वेळेवर गाड्या थांबवणं हाच उपाय होता. जमिनीवरच्या कामाला इशाऱ्याची आणि तो ऐकून हलणाऱ्या यंत्रणेची जोड लागतेच.

"समुद्राकाठी भिंत बांधा."

काही ठिकाणी बांधावीच लागेल. पण भिंत बाहेरचं पाणी अडवते तसं आतल्या पावसाचंही अडवते, म्हणजे पंप आले आणि पंपांना अखंड वीज आली. जिथे जमीनच खचते आहे तिथे तर भिंतही खचते. जकार्ताच्या काही भागांत भूजल उपसल्यामुळे जमीन वर्षाला १० सेंटीमीटरहून जास्त खाली गेली आहे. टोकियोचा सखल भाग विसाव्या शतकात ४ मीटरपेक्षा जास्त खचला होता. उपशावर निर्बंध आल्यावर ते जवळपास थांबलं. नेदरलँड्सने १९५३ च्या पुरात १,८०० हून अधिक माणसं गमावल्यावर प्रचंड बंधारे उभारले, पण नद्यांच्या बाबतीत पुढे वेगळा विचार केला. नायमेखनजवळ नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे हटवला आणि पाण्याला जागा मोकळी करून दिली. बांध घालण्यात ज्यांनी हयात घालवली त्यांनीच हे केलं.

"झाडं म्हणजे शोभा."

१०० लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ६८ युनिट ऊर्जा लागते. मोठं, पाणी मिळणारं झाड दिवसभरात पानांतून जितकं पाणी सोडतं, तितकी उष्णता हवेतून घेतं. शिवाय सावली, जी पायी चालणाऱ्याला सगळ्यात आधी जाणवते. मात्र बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं झाड हे करू शकत नाही. त्याला मुळाशी पाणीच पोचत नाही.

"ही श्रीमंत देशांची हौस."

अहमदाबादला मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला: आगाऊ इशारे, दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, पिण्याच्या पाण्याची सोय. पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करण्याचं कामही त्यात आलं. नंतरच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले. बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात किमान ३ लाख माणसं गेली. २००७ च्या 'सिडर' चक्रीवादळात अधिकृत आकडा सुमारे ३,४०० होता. मधल्या काळात तिथे इशाऱ्याची यंत्रणा उभी राहिली आणि खांबांवर उचललेल्या निवारा-इमारती बांधल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी इमारतींत एरवी शाळा भरते.

आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधलं गांडो गाव. वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी तिथे २००१ मध्ये प्राथमिक शाळा बांधली. भिंती जागच्या मातीत थोडं सिमेंट मिसळून केलेल्या विटांच्या. छताला नेहमीचाच पत्रा, पण तो खोलीवर टेकवलेला नाही. खोलीला विटांचं वेगळं छत आहे, त्यात फटी ठेवल्या आहेत, आणि पत्रा त्याच्या बराच वर लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर उचलून धरला आहे. वर्गातली गरम हवा फटींतून वर जाते, पत्र्याखालून वाहणारा वारा तिला बाहेर नेतो, आणि भिंतींच्या पुढे आलेला पत्रा विटांवर ऊन पडू देत नाही. बांधकाम गावकऱ्यांनी केलं. ही शाळा १२० मुलांसाठी होती. नंतर मुलं इतकी वाढली की तिला नवे वर्ग जोडावे लागले.