बाग म्हणे!

नदीकाठी नवी बाग झाली म्हणून परवा आईला घेऊन गेले. दुपारचे चार. बाकं ग्रॅनाइटची, आई टेकली आणि चटका बसून उठली. सावली? सेल्फी पॉइंटच्या अक्षरांची, तेवढीच. झाडं म्हणाल तर बांबूचे टेकू दिलेले पाम. अहो, पुण्यातली मुठा आहे ही, हॉटेलचा पोर्च नव्हे! इथे वाळुंज, उंबर, करंज आपसूक वाढतात, मुळांनी काठ धरून ठेवतात. ते आधी काढायचे, काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर करायचं, वर लॉन अंथरायचं आणि त्याला टँकरने पाणी घालायचं. नदीच्या काठावर, टँकरने!

पुराला पसरायला जागा लागते, हे तरी कळतं का? जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी. तरी दरवेळी तेच: भिंत, फरशी, रेलिंग. रेलिंगवर पाटी, ‘पाण्याजवळ जाऊ नये’. जातंय कोण, वासानेच माणूस मागे फिरतो.

शेवटी आईच म्हणाली, “चल घरी. आपल्या पार्किंगमध्ये निदान आंबा तरी आहे.”