काडतुसाच्या केस ट्रिमरविषयीच्या आपल्या अभिप्रायाला दुकानातर्फे उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या फोर्टमधील दुकानाला आपण दिलेला दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी की, रायफलची झाडलेली काडतुसे पुन्हा भरण्यासाठी आपण मोटरवर चालणारा केस ट्रिमर, म्हणजे काडतुसाची पितळी नळी (पुंगळी) मापात कापण्याचे यंत्र, मागितलात, तेव्हा आमच्या माणसाने आधी कागद मागितले, नंतर हाताने फिरवायचा ट्रिमर सुचवला आणि किंमत शेवटपर्यंत सांगितली नाही. ‘पितळेची नळी कापायला एवढा बाऊ कशाला, नागदेवी गल्लीतला कोणताही लेथवाला हे काम निम्म्या पैशात करून देईल,’ असेही आपण लिहिले आहे. हा अभिप्राय वाचून इतर नेमबाजही आमच्याकडे हीच विचारणा करणार असल्यामुळे उत्तर जरा सविस्तर देत आहे.

कागदांपासून सुरुवात करतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात तयार काडतुसांबरोबरच दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि कलम ५ प्रमाणे दारूगोळ्याचे उत्पादन किंवा विक्री परवान्याशिवाय करता येत नाही. ट्रिमर हे दिसायला निरुपद्रवी अवजार असले, तरी ते काडतूस तयार करण्याच्या कामातलेच आहे, आणि शस्त्रविक्रीचा परवाना भिंतीवर लावून बसलेल्या दुकानदाराला त्याकडे पेन्सिलीला टोक करण्याच्या यंत्राप्रमाणे पाहता येत नाही. रायफल बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याची अनुमती नव्हे. आपण दाखवलात तो परवाना रायफल बाळगण्याचा होता, आणि तोही आपल्या मेहुण्यांच्या नावाचा. संबंधित परवाना प्राधिकरणाची लेखी अनुमती पाहिल्याशिवाय अशा वस्तूची मागणी नोंदवायची नाही, हा आमच्या दुकानाचा नियम आहे आणि तो ओळखीच्या गिऱ्हाइकालाही लागू आहे. परदेशी संकेतस्थळावर हीच वस्तू स्वस्त दिसते हे आपले म्हणणे खरे असेल, परंतु शस्त्रे व दारूगोळा आयात करण्यासाठी कलम १० प्रमाणे परवाना लागतो, आणि पार्सल सीमाशुल्क विभागात अडकल्यावर ती बचत फारशी उरत नाही.

आता ट्रिमरच्या निवडीकडे वळतो, कारण खरा मतभेद तिथे आहे.

काडतूस झाडले गेले की पुंगळीचे पितळ दाबाने पसरते, आणि पुढे तीच पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणताना ते मानेच्या, म्हणजे गोळी बसते त्या अरुंद तोंडाच्या, दिशेने सरकते. पुंगळी लांब होत जाते ती अशी. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर असून ती साधारणपणे ५०.९३ मिलिमीटरपर्यंत कापतात, म्हणजे सगळा खेळ पाव मिलिमीटरचा आहे. कमाल लांबी ओलांडलेली पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे रायफलमधल्या काडतूस बसण्याच्या जागेत, बसवली, तर तिच्या मानेची कड पुढच्या निमुळत्या भागात अडकून गोळीला आवळून धरते, गोळी सुटायला अडथळा होतो आणि आतला दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो. म्हणूनच लांबी व्हर्नियरने मोजायची ती साच्यातून काढल्यानंतर. आधी घेतलेले माप निरुपयोगी असते, कारण साच्यात ते पुन्हा बदलते.

नागदेवीतल्या कारागिरांच्या हाताविषयी मला आदर आहे आणि दुकानातली कित्येक किरकोळ कामे मी त्यांच्याकडूनच करून घेतो. तथापि .३०८ च्या मानेची भिंत जेमतेम ०.३५ ते ०.४ मिलिमीटर जाडीची असते. लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, ती थेट आवळली तर गोलाई बिघडते, आणि आतून आधार नसेल तर कड तिरकी कापली जाते. ट्रिमरमध्ये याचसाठी मानेच्या आत बसणारा पायलट, म्हणजे आधाराचा दांडा, असतो. याशिवाय, वर सांगितलेला कायदा त्या कारागिरालाही लागू आहे, आणि त्याला त्यात ओढणे मला योग्य वाटत नाही.

ट्रिमरचे प्रकार स्थूलमानाने तीन. पहिला अगदी स्वस्त आणि ठरावीक लांबीचा: मापाचा दांडा मानेतून आत जातो, त्याची पिन बुडाच्या छिद्रातून बाहेर येऊन थांबते आणि तेवढ्यावर कापणी संपते. सेटिंग चुकण्याची शक्यताच नसल्यामुळे नवख्यासाठी तो उत्तम, पण प्रत्येक कॅलिबरसाठी, म्हणजे काडतुसाच्या प्रत्येक मापासाठी, वेगळा दांडा घ्यावा लागतो आणि बुडाला मध्यभागी एकच छिद्र असलेल्या, म्हणजे बॉक्सर पद्धतीच्या पुंगळ्यांनाच तो चालतो. बर्डन पद्धतीच्या पुंगळीला मध्यभागी छिद्र नसते, त्यामुळे तिथे तो निकामी ठरतो. दुसरा छोट्या लेथसारखा: बूड कॉलेट नावाच्या पकडीत धरायचे, पायलट मानेत घालायचा, कापणी अडवणारा थांबा हव्या त्या लांबीला लावायचा आणि हाताने दांडी फिरवायची. तिसरा, आपण मागितलेला, मोटरवरचा. यातली बहुतेक यंत्रे पुंगळी खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतरत्या भागावर, टेकवून कापतात; वेग भरपूर मिळतो, परंतु लांबी खांद्यापासून ठरत असल्यामुळे साच्याचे सेटिंग हलले की कापलेली लांबीही हलते. पुंगळी हाताने दाबून धरायची असल्याने नवख्या हाताचा दाब कमीजास्त झाला तर कडही कमीजास्त निघते.

आपण आमच्या माणसाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या, ज्या अभिप्रायात आलेल्या नाहीत. एक म्हणजे घरात .३०८ आणि .३०-०६ अशा दोन रायफली आहेत, आणि दुसरी म्हणजे एका सरावाला लागतात ती काडतुसे काही डझनच. या दोन वाक्यांवरूनच त्याने दुसरा प्रकार सुचवला. .३०८ आणि .३०-०६ यांच्या गोळीचा व्यास एकच आणि बुडाच्या कडेचा व्यासही एकच, १२.०१ मिलिमीटर, त्यामुळे लेथसारख्या ट्रिमरला दोन्हींसाठी एकच कॉलेट आणि एकच पायलट पुरतो. .३०-०६ साठी कापायची लांबी ६३.०९ मिलिमीटर, म्हणजे थांबा सुमारे १२ मिलिमीटर मागे घेतला की काम झाले. खांद्यावर टेकणाऱ्या यंत्राला मात्र दोन कॅलिबरसाठी वेगळे भाग किंवा वेगळे यंत्रच घ्यावे लागते. सरावाला शेकडो पुंगळ्या वापरणाऱ्या क्लबला मोटर घेण्यात अर्थ आहे. काही डझनांसाठी ती घेणे म्हणजे पैसे अडकवणे. पुढे काम वाढलेच तर हाताने फिरवायच्या बऱ्याच ट्रिमरना ड्रिल जोडण्याचा जोडभाग मिळतो, तेव्हा आधीचा खर्च वायाही जात नाही. जो दुकानदार स्वस्त वस्तू सुचवतो त्याला ‘माहिती नाही’ असे आपण म्हटले आहे. धंद्याच्या हिशेबाने पाहिले तर हा आरोप मला जरा उलटा वाटला.

कोणताही ट्रिमर घेतला तरी कापल्यावर कडेला बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत धार, राहतो. तो आतून आणि बाहेरून काढण्याचे छोटे अवजार सोबत घ्यावेच लागते, नाहीतर गोळी बसवताना तिच्यावर ओरखडे उठतात. मुंबईच्या पावसाळ्यात कटरला आणि दांड्याला तेलाचा हात देऊन ठेवावे लागते, हेही आमच्याकडच्या हवेत राहणाऱ्याने लक्षात ठेवावे; पितळेचा कीस यंत्रात साचून ओल धरतो.

किंमत न सांगण्याचे कारण साधे आहे. ट्रिमर, कॉलेट, पायलट, कटर आणि बर काढण्याचे अवजार यांची किंमत वेगवेगळी लागते, माल बाहेरून मागवावा लागतो, आणि ज्याची मागणी नोंदवता येत नाही त्या वस्तूचा आकडा तोंडी सांगून पुढे वाद ओढवून घेणे आम्हाला मान्य नाही. अनुमतीचे पत्र ज्यांच्या नावाचे असेल त्यांनी ते घेऊन स्वतः यावे, येताना रायफलींचे परवाने आणावेत, पुंगळ्या बॉक्सर आहेत की बर्डन ते पाहून यावे. पूर्ण संचाचे लेखी दरपत्रक त्याच दिवशी देऊ. हे सर्व वाचूनही आपल्याला मोटरचाच ट्रिमर हवा असेल तर तोही मागवून देऊ, फक्त तो दोन्ही कॅलिबरच्या भागांसह घ्यावा लागेल आणि मागणीसोबत निम्मी रक्कम आगाऊ भरावी लागेल.

आपला,
दुकानाचा मालक