पाण्याचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा

टोयोटाच्या २०५० सालापर्यंतच्या पर्यावरणविषयक संकल्पावरील आपला लेख माहितीपूर्ण आहे. मात्र त्यातील कौतुकाचा बराचसा भर कारखान्यांवर आहे, आणि तेथेच माझे थोडे वेगळे मत आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीने जी सहा आव्हाने जाहीर केली, त्यांत कारखान्यांतील कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे आव्हान आहेच (पुढे २०२१ मध्ये त्यासाठी २०३५ ही अलीकडची मुदतही ठरवण्यात आली), परंतु मोटारीच्या आयुष्यातील उत्सर्जनाचा मोठा हिस्सा ती रस्त्यावर इंधन जाळत धावत असतानाच होतो. म्हणून नव्या वाहनांचे सरासरी उत्सर्जन २०१० च्या तुलनेत ९० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट मला अधिक महत्त्वाचे, आणि खरे सांगायचे तर अधिक अवघड, वाटते. कारखान्याच्या छतावर सौरपट्ट्या बसवणे त्यामानाने सोपे.

पाण्याचा वापर कमी करण्याच्या आव्हानाचा लेखात केवळ ओझरता उल्लेख आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटाच्या भारतातील कंपनीने, टोयोटा किर्लोस्करने, छत्रपती संभाजीनगर येथील मोटारनिर्मिती प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. ज्या भागात जायकवाडी धरणाचा साठा घटला की शेती, शहर आणि उद्योग यांच्यात ओढाताण सुरू होते, तेथे प्रत्येक मोटारीमागे किती पाणी लागले व रंगकामातील किती सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरले, हे आकडे जागतिक सरासरीत न मिसळता त्या प्रकल्पापुरते दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत, अशी अपेक्षा आहे.