‘सरळ सान्वा टाका’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. जुन्या अमेरिकी आर्केड स्टिकच्या (व्हिडिओ गेम खेळायचा दांडा, जो बटणांसह डब्यात बसवलेला असतो) दुरुस्तीवर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून थोडं निवांत लिहितो आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हॅप या अमेरिकी कंपनीच्या पद्धतीची स्टिक मुळातच जड आणि संथ. स्विच लवकर लागावा म्हणून ॲक्चुएटरला, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाच्या स्विच दाबणाऱ्या भागाला, टेप गुंडाळणं म्हणजे जुगाड. गंभीरपणे खेळणारे सगळे सान्वासारख्या जपानी कंपनीच्या स्टिकवर खेळतात, तेव्हा ‘जुनं ते सोनं म्हणत भंगार कवटाळण्यापेक्षा सरळ सान्वा टाका’. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, की न्यू जर्सीत तुमच्या मेहुण्यांच्या गॅरेजमध्ये असाच एक लाकडी डबा पडून आहे आणि या महिन्यात तो कचऱ्यात जाणार आहे. खरं सांगतो, हे शेवटचं वाक्य वाचूनच लिहायला बसलो.

टेपच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, आधी तेच मान्य करतो. इन्सुलेशन टेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो, टेप सरकते, आणि तो चिकट थर स्विचच्या तोंडाशी जाऊन बसतो. मी लेखात टेप सुचवली ती चूक होती. आता मी हीट-श्रिंकची नळी वापरतो. गरम हवा दिली की ती चारही बाजूंनी सारखी बसते आणि सरकत नाही. मूळ लेखातही तशी दुरुस्ती केली आहे.

पण ‘मुळातच संथ’ हे मला पटत नाही. स्टिक काय करते? दांडा कलतो, त्याच्या खालच्या टोकाचा प्लास्टिकचा ॲक्चुएटर चार मायक्रोस्विचपैकी एकाला दाबतो. तिरकी दिशा हवी असेल तर शेजारचे दोन स्विच एकाच वेळी दाबले जातात, तिरक्या दिशेसाठी वेगळा स्विच नसतो. आता समजा, खालच्या दिशेचा स्विच उरलेल्या तिघांपेक्षा थोडा उशिरा लागतोय. लढाईच्या खेळांत आपण सगळ्यात जास्त वेळ खालीच दाबून बसलेलो असतो, त्यामुळे आधी थकतो तोही हाच. मग ‘खाली-पुढे’ची जागा आक्रसते. ड्रॅगन पंच हा डाव म्हणजे पुढे, खाली, खाली-पुढे. हात बरोबर फिरतो, पण शेवटचा कोपरा खेळापर्यंत पोहोचतच नाही. खेळणारा म्हणतो, स्टिक संथ आहे. प्रत्यक्षात एकच स्विच म्हातारा झालेला असतो.

हे मी अंदाजाने बोलत नाही. शिकागोजवळच्या एका गॅरेज सेलमध्ये मला मिळालेला डबा असाच होता. तळाचं झाकण काढलं, मल्टिमीटर बझरवर ठेवला (जोडणी झाली की तो वाजतो) आणि प्रत्येक स्विचच्या दोन टोकांना टोचण्या लावून दांडा अगदी सावकाश कलवला. वर, डावीकडे, उजवीकडे दांडा साधारण तेवढाच कलला की बझर वाजायचा. खालच्या दिशेला दांडा जवळजवळ कडेला टेकल्यावर वाजला. दांडा बाहेर काढून पाहिला तर पांढऱ्या ॲक्चुएटरवर एकाच बाजूला नखाला लागेल असा खोलगट चर पडला होता आणि दांडा जिथे टेकून फिरतो तिथलं ग्रीस काळं, डांबरासारखं घट्ट झालं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसलं, प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी चाटण्यापुरतं लावलं, ॲक्चुएटर आणि चारही स्विच बदलले. एक नाही, चारही. एकच नवा घातला तर त्याचा दाब बाकीच्यांपेक्षा वेगळा लागतो आणि तिरक्या दिशा पुन्हा बिघडतात.

स्विच घेताना एक गोष्ट पाहायची. जुन्या डब्यांत कधीकधी कुणीतरी मिळेल तो मायक्रोस्विच बसवलेला असतो, यंत्राच्या मोटरसाठी असतो तसला. त्याचे संपर्क जास्त प्रवाहासाठी केलेले असतात. आपल्या डब्यातल्या सर्किट बोर्डावरून जेमतेम ३ ते ५ व्होल्ट आणि नगण्य प्रवाह जातो. एवढ्याशा प्रवाहाने संपर्कांवरचा मळकट थर फुटत नाही, म्हणून दाबूनही कधी लागतं, कधी लागत नाही. सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांचे स्विच याच कामासाठी असतात. हलक्या दाबाचे स्विच घेतले की स्टिकचा जडपणाही कमी होतो, पण फार हलके घेऊ नका. दांडा सोडल्यावर तो मध्यावरून थोडा पलीकडे झोका घेतो, आणि स्विच अतिहलका असेल तर विरुद्ध दिशा लागते. तुम्ही पाठीमागे दाबून समोरच्याचा वार अडवत असता, बोट सैल सोडता, आणि तुमचा खेळाडू क्षणभर पुढे चालतो. हीट-श्रिंक जाड झाली तरी नेमकं हेच होतं. एक थर लावा, खेळून पाहा, मगच दुसऱ्याचा विचार करा.

आता उशिराबद्दल, म्हणजे दाबल्यापासून खेळात दिसेपर्यंत जाणाऱ्या वेळाबद्दल. हे खेळ सेकंदाला ६० चौकटींवर (फ्रेम) चालतात, म्हणजे एक चौकट साधारण १६.७ मिलिसेकंदांची. माझ्या डब्यात स्टिक आणि संगणकाच्या मध्ये एक जुना स्वस्त कनव्हर्टर होता, स्टिकचे इशारे संगणकाला कळतील असे करून देणारा. तो काढून रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर जीपी२०४०-सीई हे मोफत फर्मवेअर (बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम) चढवून त्याच वायरी तिथे जोडल्या. स्टिक तीच, बटणं तीच, हातही तोच. फरक पहिल्याच फेरीत कळला, उशीर त्या कनव्हर्टरचा होता. वायरिंग सोपं आहे: सगळ्या स्विचचं ‘कॉमन’ टोक एकाच वायरने माळेसारखं ओवून ग्राउंडला न्यायचं आणि प्रत्येकाचं ‘नॉर्मली ओपन’ टोक आपापल्या पिनला. स्विचला तिसरंही टोक असतं, ‘नॉर्मली क्लोज्ड’, ते मोकळं सोडायचं. चुकून तिथे वायर लागली तर ती दिशा न दाबताच दाबलेली दिसते.

तुमच्या सान्वाच्या सूचनेकडे येतो. सान्वाची जेएलएफ उत्तम स्टिक आहे, माझ्या दुसऱ्या डब्यात तीच आहे. पण या डब्यात ती ‘सरळ’ बसत नाही. अमेरिकी स्टिकचा दांडा जाड लाकडासाठी लांब ठेवलेला असतो. सुमारे १८ मिलिमीटरच्या एमडीएफखाली (दाबून केलेली लाकडी फळी) जेएलएफ लावली तर वर दांडा एवढा बुटका राहतो की मनगट अवघडतं. म्हणजे आतून राउटर या कोरण्याच्या यंत्राने लाकूड कोरून पातळ करणं आलं. बटणांचं तर आणखी किचकट. अमेरिकी बटणाचं भोक सव्वा इंचाहून थोडं लहान, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण २८.६ मिलिमीटर. जपानी बटणाला ३० लागतात. हे दीड मिलिमीटर वाढवायला होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) नुसता चालत नाही, कारण मधलं लाकूड आधीच गेलेलं असल्याने त्याला टेकायला मध्यच उरत नाही आणि तो भिरभिरत कड फाडतो. त्याला आधार म्हणून प्लायचा तुकडा ३० मिलिमीटरचं भोक पाडून वरून क्लॅम्प करायचा किंवा सँडिंग ड्रमने हळूहळू घासायचं. इतकं करूनही खटकन बसणारी बटणं जाड लाकडात अडकत नाहीत, स्क्रू-नटवाली घ्यावी लागतात. हे सगळं करायला हरकत नाही, फक्त ते ‘सरळ’ नाही. आणि एकदा भोक मोठं केलं की मूळ बटणं परत बसत नाहीत, म्हणून मी ते शेवटी ठेवतो.

‘गंभीर खेळाडू’ हा मुद्दा मला सगळ्यात कमी पटला. लढाईच्या खेळांच्या ज्या स्पर्धेला आज आपण इव्हो म्हणतो ती १९९६ साली कॅलिफोर्नियात ‘बॅटल बाय द बे’ नावाने सुरू झाली, आणि २००४ मध्ये घरगुती कन्सोलवर येईपर्यंत ती आर्केडच्या कॅबिनेटवरच (नाणं टाकून खेळायची उभी यंत्रं) खेळली जात होती. अमेरिकी खेळाडूंच्या एका अख्ख्या पिढीचा हात या बॅट-टॉप, म्हणजे बॅटच्या आकाराचा माथा असलेल्या, दांड्यांवरच बसला. (हॅपच्या नावाने विकल्या गेलेल्या बऱ्याच स्टिक स्पेनच्या इंडस्ट्रियास लोरेन्झोने बनवलेल्या होत्या, हे फार जणांना ठाऊक नसतं.) जपानी सुट्या भागांची लाट अमेरिकेत खऱ्या अर्थाने आली ती २००९ मध्ये स्ट्रीट फायटर ४ घरोघरी पोहोचल्यावर. आणि २०१४ च्या इव्होत अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ जिंकणारा फ्रान्सचा लफी कुठलीच स्टिक वापरत नव्हता, त्याच्या हातात पहिल्या प्लेस्टेशनचा पॅड (दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर) होता.

हत्यार आणि खेळ यांचं मात्र नातं असतं, तिथे तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. मॉर्टल कॉम्बॅट हा शिकागोच्या मिडवेचा १९९२ चा खेळ. त्यात स्कॉर्पियन या पात्राचा भाला ‘मागे, मागे, लो पंच’ असा सुटतो, अडवायला वेगळं बटण आहे. त्याला लांब फेरीचा, गोल मर्यादेचा दांडा छान जुळतो, पूर्ण मुठीत धरून ठोकावा असा. याउलट जिथे पुन्हा पुन्हा झटपट डॅश (पुढे-मागे झेप) मारायचे असतात, तिथे तासाभराने मनगट बोलायला लागतं. तुम्ही मुख्यतः तसले खेळ खेळत असाल तर तुमच्यासाठी जेएलएफच बरी, हे मी आनंदाने मान्य करतो. तुमच्या हाताला जे सोसत नाही ते वापरा असं मी कशाला म्हणू?

मेहुण्यांचा डबा मात्र टाकू देऊ नका. त्यांना आज रात्री फक्त एवढंच करायला सांगा: तळ उघडायचा, बझरवर चारही दिशा तपासायच्या आणि कुठली उशिरा लागते ते लिहून ठेवायचं. ते मला कळवा, बटणांचा आणि वायरिंगचा फोटोही पाठवा, पुढचं आपण मिळून ठरवू. दांडा काढायचा झाला तर त्याच्या खालच्या टोकाला एक ई-क्लिप (E आकाराची लहान कडी) असते. ती स्क्रू ड्रायव्हरने ढकलताना वर फडकं धरायला सांगा, कारण एकदा उडाली की गॅरेजमध्ये सापडत नाही.